नमुन्याचा फोटो

मला शिकवायला सांगितलं तेव्हा मलाच काही येत नव्हतं, हे आधी सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, बाईंनी उगाच आव आणला. आणि दुसरं म्हणजे, मी जे शिकवलं त्यापायी पूर्णगडच्या बाजूच्या एका म्हातारीचा जीव जायची वेळ आली. दोष नक्की कुणाचा, हे मला अजून लावता आलेलं नाही. नवरा म्हणतो, सोड आता. सुटत नाही, म्हणून लिहायला बसले.

रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात मी मशीनं सांभाळते. आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकले, वर्गात मुलगी मी एकटीच, आणि या ना त्या वाटेने इथे येऊन चिकटले. ईसीजीची वायर तुटली, वाफेचं यंत्र बंद पडलं, पंखा कुरकुरला, की ‘मशीनवाल्या बाईंना बोलवा’. आमच्या खाऱ्या हवेत कुठल्याही पिनेवर महिन्याभरात हिरवं चढतं. मी खिशात खोडरबर घेऊन फिरते आणि पिना घासते. निम्मी मशीनं तेवढ्यावर चालू होतात. लोकांना वाटतं, बाईंच्या हाताला गुण आहे.

तर एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, आसपासच्या आठ छोट्या दवाखान्यांना टेलिमेडिसिनचं मशीन येतंय. चाकांचं कपाट, त्यावर स्क्रीन, स्क्रीनवर कॅमेरा. पेशंट गावात बसणार आणि मोठे डॉक्टर त्याला मुंबईतून बघणार. ते मशीन चालवणारी माणसं तुम्ही तयार करायची, पाच दिवसांत.

“मी? अहो साहेब, मी व्हिडिओ कॉल लावला की माझ्या बहिणीला माझं नुसतं कपाळ दिसतं!”

“मग आधी शिका आणि मग शिकवा,” असं म्हणून त्यांनी एक पुस्तिका माझ्या हातात ठेवली आणि फोन कानाला लावला. म्हणजे मी जावं.

पुस्तिकेवर लिहिलं होतं, ‘विकसनशील देशांतील रुग्णालयांच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी’. मी आपली मन लावून वाचायला बसले. पहिल्याच पानावर वाळूत रुतलेली जीप. वाळूच्या वादळात यंत्र कसं झाकावं. उंटावरून नेताना खोका कसा बांधावा. कोरड्या हवेत बोटाला झटका बसतो तो कसा टाळावा. कोरडी हवा! आमच्याकडे आषाढात काडी पेटत नाही, पापड दुपारपर्यंत नाही टिकत. मला वाटलं, साहेबांनी चुकीची पुस्तिका दिली. पुन्हा केबिनमध्ये गेले आणि विचारलं, “साहेब, हे विकसनशील देश म्हणजे कुठले?”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, आपणच.”

बाहेर येऊन पाच मिनिटं मी जिन्यात उभी होते. इतकी वर्षं शाळेत, पेपरात तो शब्द वाचलेला, पण तो आपल्याला म्हणतात हे पुस्तिकेतल्या उंटाशेजारी बघून काही केल्या पटेना.

शिकवणीची जागा वरच्या मजल्यावर. जिना चढताना मला हल्ली धाप लागायची. मी त्याचं खापर वयावर, वजनावर आणि साहेबांवर फोडायची. आठ जण आले होते. कुणी नर्स, कुणी क्लार्क, कुणी एक्स-रेवाला. सगळे माझ्याकडे असे बघत होते की आता बाई काहीतरी मोठं सांगणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी पहिले दोन दिवस मला येतं तेच शिकवलं. पिना घासा, वायरी गुंडाळताना मुरगळू नका, विजा चमकायला लागल्या की प्लग आधी काढा आणि मग आईला फोन करा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, आईला फोन करा सकट.

तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची पाळी आली आणि माझं ज्ञान संपलं. पुस्तिकेत एवढंच होतं की चित्र चांगलं आलं पाहिजे. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘चित्र छान आलं पाहिजे’. माझं अक्षर सुरेख आहे. त्या वाक्याने पुढे माझा किती छळ केला ते मलाच ठाऊक.

कारण त्या आठांत एक स्टुडिओवाले होते. चाळिशीचे, शिडशिडीत, मान जरा तिरकी धरून बोलणारे. गावात वीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ बसला, आणि ते पूर्णगडच्या अलीकडच्या एका दवाखान्यात कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून लागले. हयातभर त्यांनी मुख्यतः लग्नाच्या स्थळांचे फोटो काढलेले. “बाई, मुलगी सावळी असो, निस्तेज असो, परीक्षेच्या जागरणाने डोळे खोल गेलेले असोत,” ते म्हणाले, “माझ्या खुर्चीत बसली की तिच्या गालावर लाली आलीच पाहिजे. पंचक्रोशीत विचारा, माझ्या हातून किती लग्नं जुळली.”

“मग इथे जुळवा आता डॉक्टर आणि पेशंटचं,” मी म्हटलं. सगळे हसले.

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पतंगाचा गुलाबी कागद आणला, पातळ, झिरझिरीत. तो दिव्यावर गुंडाळला. दिवा जरा खाली, जरा डावीकडे. मागे फिकं कापड. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग दोन घरं वर चढवले. आता खोटा पेशंट कोण होणार? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बसले. “मान थोडी वर, बाई. ओठ मिटून हसा. आता साहेबांचा विचार करू नका.” टिचकी वाजवली आणि मला स्क्रीनकडे बघायला सांगितलं.

खोटं कशाला बोलू? मी बघतच राहिले. पन्नाशीची बाई, आणि चेहरा कसा तुकतुकीत, गालावर रक्त चढलेलं. आयटीआयला असताना मी अशी दिसायची, की तेव्हाही दिसत नव्हते, कोण जाणे. तेवढ्यात मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचा चाचणीचा कॉल लागला आणि त्या तिकडून म्हणाल्या, “वा! याला म्हणतात चित्र. कालच्या चाचणीत बाकीच्यांचे चेहरे मला राखेसारखे दिसत होते. सगळ्यांनी हे असंच करा.”

झालं. स्टुडिओवाल्यांना मी पहिला नंबर दिला. माझा तो फोटो छापून घेतला, खाली ‘नमुना’ असं लिहिलं, आणि एकेक प्रत गुलाबी कागदाच्या घडीसकट आठही दवाखान्यांत लावायला दिली. मशीनच्या शेजारी भिंतीवर चिकटवा, म्हटलं, पेशंटचं चित्र असं आलं की समजा बरोबर. आणि गुपचूप तोच फोटो माझ्या मोबाइलवरही लावला. नवरा म्हणाला, “ही कोण?” मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मशीनं सुरू झाली. सगळीकडून बरं ऐकू येत होतं. सगळ्यात जास्त पेशंट स्टुडिओवाल्यांच्या दवाखान्यात. साहेब खूश. दोन-अडीच महिन्यांनी त्यांनी मला तिथे पाहणीला पाठवलं आणि मी सकाळच्या एसटीने गेले.

दवाखाना म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची तीन खोल्यांची इमारत, पुढे पडवी. पडवीतल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, तोही ताजा. मी बाजूने जाताना थबकले. तिचा चेहरा भाताच्या पेजेच्या रंगाचा होता. ओठसुद्धा. चार पायऱ्या चढून आली असेल तेवढीच, पण दम लागला होता.

स्टुडिओवाले लगबगीने बाहेर आले. “या बाई, या! ही आमची आजी. मासेवाली. आज चौथ्यांदा आलीय डॉक्टरांसमोर. आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक.” पेशंट म्हणायचं त्यांच्या तोंडी अजून बसलं नव्हतं.

तिथल्या सिस्टरकडून कळलं ते असं. म्हातारी सत्तरीची, डोक्यावर पाटी घेऊन अजून गावोगाव मासे विकते. पहिल्यांदा आली ती गुडघ्यासाठी. मग म्हणाली, थकवा येतो. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं होतं, पण सुई म्हटली की म्हातारी काठी उचलून चालायला लागते. इथे पक्का डॉक्टर नाही, बदली होऊन गेला तो गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हरकत नाही, चेहरा चांगला दिसतोय, घाई नाही, पुढच्या वेळी बघू. असं तीनदा झालं होतं.

म्हातारीला आत नेलं. स्टुडिओवाल्यांनी तिच्या कपाळावरची बट सारखी केली, पदर नीट केला, दिवा लावला. स्क्रीनवर ती आली आणि मी चक्रावले. स्क्रीनवरची म्हातारी लालबुंद होती, नुकती उन्हातून आल्यासारखी. मी खुर्चीकडे बघितलं, तिथेही ती जरा गुलाबीच. पण बाहेर? बाहेर ती पेजेसारखी होती ना? मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. महिन्यापूर्वीच नंबर बदलला होता. मला वाटलं, मोतीबिंदू. मनात म्हटलं, एवढा महागाचा कॅमेरा खोटं कशाला बोलेल? आपलेच डोळे गेले असतील.

“आजी, छान दिसताय की!” डॉक्टरीणबाई स्क्रीनवरून म्हणाल्या.

“हां, इथे बसला की मी छानच दिसतंय,” म्हातारी म्हणाली. “म्हणून तर येतंय.”

“थकवा कसा आहे?”

“असतो थोडा. वय झाला नाय?”

माझ्या तोंडाशी आलं होतं, डॉक्टर, जरा थांबा. पण मी कोण? वायरी जोडणारी बाई. आयटीआय. माझ्या बोलण्यावर एवढ्या शिकलेल्या बाईने का विश्वास ठेवावा, आणि मी तरी तो का ठेवावा? मी असा विचार करेपर्यंत त्या “बरं, पुढच्या वेळी रक्ताचं बघूच” म्हणाल्या, आणि कॉल संपला. मी तोंड उघडलंच नाही. हे सांगताना आजही मला माझा राग येतो.

म्हातारी काठी टेकत पडवीत जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. बाहेरच्या उजेडात पुन्हा पेज. मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

“काय गो बघतेस?” ती म्हणाली. “शिळा बांगडा बघावा तशी बघतेस.”

“आजी, तुम्ही आत एक दिसता आणि बाहेर एक. मला काही कळेनासंच झालंय.”

ती हसली. हसतानाही दम लागला. “मासा घेताना काय करतेस? वरनं चकचक दिसला की घेतेस? आम्ही पाणी मारतो गो वरनं. चकचक करायलाच मारतो. श्यानी बाय असेल ती कल्ला उचलून आत बघते. आत लाल तर ताजा.”

रत्नागिरीत जन्म गेला माझा. बाजारात कोळणीने कितीही शिव्या घातल्या तरी कल्ला उचलून आतला लालपणा बघितल्याशिवाय मी कधी मासा घेतला नाही. आणि इथे मी मशीनकडे बघून चष्मा पुसत बसले होते! आमच्या वॉर्डातले डॉक्टर पेशंटच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, ते मी हजारदा पाहिलं होतं. ते काय बघतात हे मात्र त्या क्षणी कळलं.

“आजी, जरा डोळा बघू?” मी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. आत ओल्या खोबऱ्याचा रंग. लाल म्हणून काही नाही.

 मी आत धावले. टेबलावरचा कोरा कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, आणि स्क्रीनवर तो गुलाबी दिसला. पांढरा शुभ्र कागद, आणि गुलाबी! एवढी साधी गोष्ट मी आधी का केली नाही? मशीनवाली म्हणवते आणि ही साधी चाचणी सुचू नये! दिव्यावरचा कागद मी ओढून फाडला.

“बाई! काय करताय?” स्टुडिओवाले ओरडले. “नमुना तसाच आहे. तुम्हीच सांगितलंत!”

“मी सांगितलं ते चुकलं!”

“मग एवढे दिवस आम्ही काय झक मारत होतो का?”

“हो! आणि मीही तीच मारत होते! आधी हे कपाट खिडकीशी लावा.”

त्यांचे डोळे भरून आले होते. पण त्यांनी कपाट ढकललं. रंगाची दोन घरं खाली आणली. म्हातारीला खिडकीच्या उजेडात बसवलं. बिचारी सारखी म्हणत होती, परत कशाला, झाला ना आता. कॉल लागेना. रेंज यायची, जायची. दहा मिनिटं मी पिना घासत बसले, दुसरं काय करणार? शेवटी डॉक्टरीणबाई दिसल्या. मी म्हातारीची पापणी कॅमेऱ्यासमोर ओढून धरली.

त्या स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, “ही तीच बाई आहे?”

“तीच.”

“मघाचीच?”

“मघाचीच, डॉक्टर. मधे कागद होता.”

कसला कागद ते त्यांनी विचारलं नाही. म्हातारीला विचारलं, कुठल्या गोळ्या खाता? तिने कनवटीची पुडी सोडली. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. वर्षभर रोज दोन, कधी तीन. पोटात जळजळ? होते. शौचाला काळी? म्हातारी लाजली, पण मान हलवली. “आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आतल्या आत रक्त जातंय. उद्यावर नको.”

आणि म्हातारी जाईना. वाळूवर सुकट पसरलीय, ती कोण उचलणार. गजरा उद्याचा सांगून ठेवलाय. आणि सुई तर मुळीच नाही. मी समजावलं, सिस्टर रागावली, तिने बाकाची कड घट्ट धरली. शेवटी स्टुडिओवाले तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, “आजी, चूक माझी आहे. मी तुला चांगली दाखवत राहिलो. तू चल. सुई टोचतील तेव्हा माझा हात धर. तू नाही आलीस तर मी उद्यापासून या मशीनला हात लावणार नाही.”

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं. “मेल्या, रडतोस कशाला? सुकट उचलायला सांग कुणाला तरी.” आणि उठली.

आम्ही तिघं रिक्षाने निघालो. वाटेभर ती माझ्या खांद्यावर मान टाकून होती. वजनच नव्हतं तिला. मी दर दोन मिनिटांनी “आजी?” करायची आणि ती “हां” करायची. एकदा ती हां म्हणालीच नाही, तेव्हा मी तिला गदागदा हलवलं. मग डोळे न उघडताच म्हणाली, “जित्ती हाय गो.”

तिथेच रिक्षात बसून मी बाकीच्या सात दवाखान्यांना फोन केले. गुलाबी कागद काढा, रंग खाली आणा, पेशंटला खिडकीशी बसवा. एक क्लार्क म्हणाला, “मॅडम, परवा तर तुम्हीच फोन करून विचारलंत, कागद लावलाय ना म्हणून?” मी त्याला नको ते बोलले. त्याची काय चूक होती?

हॉस्पिटलात रक्ताचा आकडा बघून लॅबवालीने तो दुसऱ्यांदा तपासला. मग सगळ्यांची धावपळ उडाली. आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर काही खरं नव्हतं, असं आमचे डॉक्टर म्हणाले. सुई टोचताना म्हातारीने स्टुडिओवाल्यांच्या हातावर नखं रुतवली. रक्त चढू लागलं. अजून लागणार होतं, आणि वापरलेल्याच्या बदल्यात कुणी दिलं तर बरं, असं रक्तपेढीतून सांगून गेले.

मी लगेच उठले. देणं लागत होतेच मी. रक्तपेढीतल्या पोरीने माझ्या बोटाला टोचलं, थेंब घेतला, बघितलं, दुसऱ्या बोटाला टोचलं. मग मला म्हणाली, “बाई, तुमचं चालणार नाही.”

“का? वयाने?”

“नाही. तुमचंच खूप कमी आहे. जिना चढताना दम लागत नाही का तुम्हाला?”

 माझ्या जागी स्टुडिओवाले आडवे झाले. मी तशीच म्हातारीच्या खाटेशी जाऊन बसले. काय करावं कळेना. ती जागी होती. चेहऱ्यावर किंचित, अगदी किंचित रंग यायला लागला होता, की तो मलाच वाटत होता? त्या दिवशी माझा कशावरच भरवसा राहिला नव्हता.

“दिलास रक्त?” तिने विचारलं.

“माझं घेत नाहीत, आजी. मलाच नाही म्हणतात.”

तिने सलाईन नसलेला हात उचलला, मला खाली वाकायची खूण केली, आणि अंगठ्याने माझ्या डोळ्याची पापणी ओढली. तिच्या बोटांना अजून मासळीचा वास होता. “अगो बाय माझे,” ती म्हणाली. “तुझा पण पांढराच.” मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “तूच ना ती? मशीनच्या बाजूला भिंतीवर फोटो हाय ती? मी त्याला म्हटला होता, मला तसाच लाल दिसायचा हाय, त्या बाईसारखा.”

मला रडू फुटलं. वॉर्डातल्या बायांना वाटलं, म्हातारी गेली. त्या धावत आल्या तर म्हातारी ठणठणीत आवाजात त्यांना सांगतेय, हिला आधी काहीतरी खायला द्या.

ती जगली. आठवडाभराने घरी गेली आणि जाताना सिस्टरशी मासळीच्या भावावरून भांडली. स्टुडिओवाल्यांचं पहिल्या नंबराचं प्रशस्तिपत्र परत घ्यावं की ठेवावं, यावर साहेब आणि मी दोघांनी डोकं खाजवलं. मी म्हटलं, ठेवा. कारण पुढे झालं असं, की कागद काढल्यावर त्या गावच्या म्हाताऱ्या दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या. टीव्हीत भूत दिसतं म्हणाल्या. म्हणजे तो गुलाबी कागद नसता तर आमची म्हातारी चारदा कॅमेऱ्यासमोर बसलीच नसती, आणि तो होता म्हणून ती मरत होती. आता यात चांगलं काय आणि वाईट काय, सांगा मला! स्टुडिओवाल्यांनीच तोड काढली. आता ते आधी पेशंटला खिडकीशी बसवतात, पापणी ओढून डॉक्टरांना दाखवतात. डॉक्टरांचं झालं की मग कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून, गुलाबी दिवा लावून, एक फोटो त्याच्या स्वतःसाठी काढतात. म्हाताऱ्या पुन्हा यायला लागल्या. पुस्तिकेत असं काही लिहिलेलं नाही, आणि मी कुणाला विचारायलाही गेले नाही.

एवढं झाल्यावर एक काम उरलं होतं, ते मी टाळत होते. शेवटी एका दुपारी पुन्हा सगळ्या दवाखान्यांना फोन लावला. म्हटलं, भिंतीवरचा तो नमुन्याचा फोटो काढून टाका. सात जणांनी मुकाट्याने हो म्हटलं. तो क्लार्क मात्र अडला.

“का हो मॅडम? किती छान आहे. पेशंट विचारतात कोण म्हणून.”

“त्या फोटोतली बाई आजारी आहे,” मी म्हटलं.

 तो बहुतेक भिंतीकडे बघत असावा. “पण मॅडम, त्या तर तुम्हीच ना?”

“हो,” मी म्हटलं, “मीच.” आणि फोन ठेवून समोरची लोहाची गोळी गिळली.